गुलाबी पत्र कोणी लिहिले असावे? ‘द विंड्स ऑफ विंटर’ येण्यापूर्वीची एक शंका

शिशिरपान (धागा सुरू करणारे)

रहस्यभेदाचा इशारा आधीच देऊन ठेवतो. पाचही प्रकाशित खंड, ‘द विंड्स ऑफ विंटर’ या आगामी सहाव्या खंडातील लेखकाने आगाऊ प्रसिद्ध केलेली प्रकरणे आणि दूरचित्रवाणी मालिका या सर्वांतील घटनांचा उल्लेख येथे येणार आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पाचवा खंड, ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’, मी गेल्या आठवड्यात वाचून संपवला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका आधीच पाहिलेली असल्यामुळे नाइट्स वॉचचा प्रमुख जॉन स्नो याच्यावर त्याच्याच बांधवांनी सुरे चालवणे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते त्याच्या अगदी थोडे आधी कॅसल ब्लॅकला, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवरील नाइट्स वॉचच्या गढीत, येऊन पोहोचलेले पत्र. बाहेरच्या बाजूस ‘अनौरस’ एवढा एकच शब्द, गुलाबी मेणाचा फराटा आणि आत रॅमझी बोल्टनची सही. सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस सात दिवसांच्या लढाईत मारला गेला, त्याची जादूची तलवार आपल्या हाती आली, भिंतीपलीकडच्या वाइल्डलिंग लोकांचा राजा मान्स रेडर विंटरफेलमध्ये (स्टार्कांच्या गढीत, जी आता बोल्टनांकडे आहे) पिंजऱ्यात आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या सहा स्त्रियांच्या कातड्याचा झगा त्याला पांघरायला दिला आहे, असे त्या पत्रात म्हटले आहे. पुढे मागण्यांची यादी येते: आपली पत्नी, स्टॅनिसची राणी, तिची मुलगी, तांबडी चेटकीण, वाइल्डलिंगांची राजकन्या, त्यांचा तान्हा राजपुत्र आणि रीक.

वाचताना मला हे पत्र रॅमझीचेच वाटले आणि जॉनप्रमाणे माझाही संताप झाला. मात्र त्यानंतर काही ठिकाणी वाचले, तेव्हा असे दिसले की २०११ पासून वाचकांचा एक मोठा गट हे पत्र रॅमझीने लिहिलेलेच नाही असे मानतो. कोणी मान्सचे नाव घेतो, कोणी स्टॅनिसचे, तर कोणी थेट त्या तांबड्या चेटकिणीचे, मेलिसांड्रेचे. दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या पर्वात असे पत्र येते खरे आणि तेथे ते निःसंशय रॅमझीचे आहे. परंतु तेथे स्टॅनिस आधीच, पाचव्या पर्वाच्या अखेरीस, मेलेला आहे, मान्स त्याहून आधी गेला आहे आणि पत्रात सान्साची मागणी करून तिच्या धाकट्या भावाच्या, रिकॉनच्या, नावाने धमकावले आहे, त्यामुळे त्या पत्रावरून पुस्तकाबद्दल काही निष्कर्ष काढावा असे मला वाटत नाही.

माझा प्रश्न नेमका असा आहे: पुस्तकातील पुरावा कोणाकडे बोट दाखवतो, आणि पत्रातील मजकुरापैकी किती खरा मानावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले तरी दुसरा सुटत नाही, असे मला वाटू लागले आहे. केवळ ‘मला असे वाटते’ या स्वरूपाच्या प्रतिसादांपेक्षा, कोणत्या प्रकरणात काय म्हटले आहे ते सांगून कोणी उत्तर दिले तर अधिक आवडेल.

---

पुनर्वाचक

शिशिरपान, आपण प्रश्नाचे दोन भाग केलेत हे फार चांगले झाले, कारण या विषयावरील बहुतेक वाद ते दोन भाग एकमेकांत मिसळल्यामुळे चिघळतात. माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. पत्र रॅमझीचेच आहे, परंतु त्यातील निम्म्या गोष्टी खोट्या आहेत आणि त्या खोट्या आहेत हे रॅमझीला ठाऊक नाही.

रॅमझीवर शंका घेणारे प्रथम पत्राच्या बाह्यरूपाकडे बोट दाखवतात. याच खंडात रॅमझीची आणखी दोन पत्रे येतात. एक जॉनकडे येते, ज्यात मोट केलिन पडल्याचे आणि जॉनची बहीण आर्या स्टार्क हिच्याशी होणाऱ्या विवाहाचे वृत्त आहे. त्यावर टोकदार, थोराड अक्षरात सही आहे आणि तपकिरी शाई जॉनच्या अंगठ्याखाली खपल्यांसारखी सुटून येते. दुसरे डीपवुड मोट येथे थिऑनची बहीण आशा ग्रेजॉय हिला मिळते आणि त्याच्यासोबत कातडीचा तुकडा येतो. गुलाबी पत्राच्या वेळी मात्र लेखक रक्ताची शाई, टोकदार अक्षर किंवा कातडी यांपैकी कशाचाही उल्लेख करत नाही. हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण जॉनने रॅमझीचे अक्षर आधी पाहिलेले आहे, हेही विसरता येणार नाही. पत्र दुसऱ्याच हाताचे असते तर ज्या माणसाला ते अक्षर आठवण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच्याच डोळ्यांतून आपण ते वाचत आहोत, आणि त्याला तसे काहीही जाणवत नाही. संतापाच्या भरात त्याचे लक्ष गेले नसेल, असे म्हणता येईल. परंतु मग मेणाच्या फराट्याकडे त्याचे लक्ष कसे गेले, याचे उत्तर द्यावे लागेल.

मला बाह्यरूपापेक्षा मजकुराचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो. रॅमझी स्वतः अनौरस आहे, राजाज्ञेने बोल्टन झालेला आहे, आणि त्याच्यासमोर त्याचे जुने आडनाव उच्चारण्याची किंमत काय पडते हे आपण थिऑनच्या, म्हणजे रॅमझीने छळ करून ‘रीक’ बनवलेल्या कैद्याच्या, प्रकरणांत पाहिलेले आहे. असा माणूस दुसऱ्या अनौरसाला ओळीओळीला ‘अनौरस’ म्हणून हिणवतो आणि शेवटी स्वतःच्या सहीत आपण औरस असल्याचे मुद्दाम लिहितो, यात मला दुसऱ्याने केलेली नक्कल दिसत नाही. जखम जिथे असते तिथेच हात जातो, त्यातला हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट या चर्चांत फारशी कोणी बोलत नाही. पत्रात रॅमझीचा बाप रूज बोल्टन याचे नावसुद्धा नाही. उत्तरेचा रक्षक रूज आहे, विंटरफेलमधील सैन्य त्याचे आहे, आणि शांत भूमी व मुकी प्रजा हे त्याचे राज्य करण्याचे सूत्र तो मुलाला पुन्हा पुन्हा ऐकवत असतो. असा धूर्त माणूस नाइट्स वॉचच्या प्रमुखाला हृदय कापून खाण्याची धमकी देणारे पत्र जाऊ देईल, हे मला पटत नाही. म्हणून मी असा तर्क करतो की पत्र लिहिले गेले तेव्हा एकतर रूजला त्याची वार्ता नव्हती किंवा त्याला वार्ता कळण्याची वेळ निघून गेली होती. दूरचित्रवाणी मालिकेत रॅमझी बापाला भोसकतो. पुस्तकात ते तसेच होईल असे नाही, पण पत्रातील हे मौन मला त्या दिशेचे वाटते.

आता मजकुरातील खरेखोटे. मान्स जिवंत असून तो आबेल या नावाने विंटरफेलमध्ये आला आहे, ही गोष्ट भिंतीवर मोजक्याच लोकांना ठाऊक होती, कारण जगाच्या दृष्टीने मान्स जळून मेला होता. प्रत्यक्षात मेलिसांड्रेच्या मायेने त्याचे रूप घेतलेला रॅटलशर्ट नावाचा वाइल्डलिंग जळाला होता. पत्रलेखकाला हे कळले याचा अर्थ मान्स किंवा त्या सहा भालाधारी स्त्रियांपैकी कोणीतरी बोलले. थिऑन आणि जेन पूल (रॅमझीशी आर्या म्हणून लग्न लावून दिलेली मुलगी) निसटले तेव्हा त्या सगळ्याजणी त्यांच्यासोबत बाहेर पडू शकल्या नाहीत, आणि रॅमझीच्या हाती लागलेला माणूस किती वेळ गप्प राहू शकतो याबद्दल लेखकाने आपल्या मनात शंका उरू दिलेली नाही. म्हणजे मान्सविषयीचा भाग रॅमझीला थेट मिळालेल्या माहितीवर आधारलेला असावा. स्टॅनिसविषयीचा भाग मात्र त्याला कोणीतरी सांगितलेला आहे, कारण लढाई विंटरफेलपासून दूर, बर्फात गाडल्या गेलेल्या एका ओसाड खेड्यापाशी होणार आहे आणि तेथून परतणाऱ्यांच्या शब्दांवर त्याला विसंबावे लागणार आहे. परतणारे कोण असतील, हा खरा प्रश्न आहे. व्हाइट हार्बरच्या मॅन्डर्ली घराण्याची माणसे असतील तर त्यांची निष्ठा बोल्टनांकडे नाही, हे वाचकाला व्हाइट हार्बरमधील प्रकरणांपासून ठाऊक आहे.

---

अधोरेखित

पुनर्वाचक यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे नेटका आहे, परंतु मला तो पटलेला नाही. मी मान्सच्या बाजूने उभी राहते.

पत्रातील शब्दांकडे पाहा. नाइट्स वॉचच्या माणसांना ‘काळे कावळे’ म्हणणे ही भिंतीपलीकडची बोली आहे. दक्षिणेतही त्यांना अधूनमधून कावळे म्हटले जाते हे मान्य, तरी तो शब्द वाइल्डलिंगांच्या तोंडी जितका सहज येतो तितका ड्रेडफोर्टमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडी येताना मला आठवत नाही. ज्यांची मागणी केली आहे त्यांची यादी पाहा. व्हॅल आणि तान्हे मूल यांची आठवण रॅमझीला का व्हावी? त्याच्या दृष्टीने ही दोघे कोणीही नाहीत. मान्सच्या दृष्टीने मात्र एक त्याच्या दिवंगत पत्नीची बहीण आहे आणि दुसरा त्याचा मुलगा आहे, निदान त्याची तशी समजूत आहे, कारण जॉनने गिली या दुसऱ्या आईकडून मुलांची अदलाबदल करून घेतल्याचे त्याला कोणी सांगितलेले नाही.

मान्सला हे पत्र लिहून काय साधायचे असेल, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. जॉनने ते पत्र वाचून काय केले, तेच त्याचे उत्तर आहे. तो कॅसल ब्लॅकच्या शील्डहॉल या सभागृहात उभा राहिला, वाइल्डलिंगांसमोर पत्र मोठ्याने वाचले आणि विंटरफेलवर चालून जाण्याची घोषणा केली. मान्सने आयुष्यभर गोळा केलेले लोक एका स्टार्कच्या मुलामागे दक्षिणेकडे निघाले. जॉनला चेतवण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्या लागतात हे रॅमझीला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो जॉनला कधी भेटलेलासुद्धा नाही. मान्सने त्याला तंबूत बसवून पारखले आहे, त्याच्या विश्वासघाताची झळ सोसली आहे आणि त्याच्या बहिणीला सोडवण्यासाठी तो स्वतः निघाला आहे.

शिवाय आबेल हे नावच बघा. बेल नावाच्या गायकाने विंटरफेलमध्ये शिरून स्टार्कांची मुलगी पळवली, ही कथा यग्रिट या वाइल्डलिंग स्त्रीने जॉनला दुसऱ्या खंडात सांगितली होती, आणि मान्सने घेतलेले टोपणनाव त्याच बेलच्या अक्षरांची उलटापालट करून बनलेले आहे. ज्या माणसाला अशी सोंगे रचण्याची हौस आहे, त्याला दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहिणे परके नाही.

---

डोमकावळा

अधोरेखित यांच्या मुद्द्यांपैकी शेवटचा मला फार आवडला. पण या साऱ्या चर्चेत ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्या पक्ष्याबद्दल मला बोलायचे आहे. (नाव सार्थ करण्याची संधी दवडणे बरे नव्हे.)

या जगात डोमकावळे हवे तेथे उडत नाहीत. एका गढीत वाढवलेला पक्षी ज्या ठिकाणी जायला शिकवला आहे तेथेच जातो, आणि मोजकेच पक्षी एकापेक्षा अधिक ठिकाणे शिकतात. म्हणून प्रत्येक उमेदवाराबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा: त्याच्या हाती कॅसल ब्लॅकला जाणारा पक्षी होता काय?

स्टॅनिसपासून सुरुवात करू. थिऑनचे प्रकरण मार्टिन यांनी २०११ च्या अखेरीस आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. शिशिरपान, आपण ते वाचले नसेल तर अवश्य वाचा, कारण ते लढाईपूर्वीचे आहे आणि या धाग्याला त्याच्याइतके जवळचे दुसरे काही नाही. त्यात स्टॅनिसला सामील झाल्याचे सोंग करणाऱ्या अर्नॉल्फ कारस्टार्कचा कट उघड होतो आणि त्याच्याबरोबर आलेला मेस्टर (पत्रे व पक्षी सांभाळणारा विद्वान) टायबॉल्ड पकडला जातो. त्याच्याजवळचे पक्षी विंटरफेलला जाणारे आहेत आणि त्यांपैकी एक स्टॅनिसच्या तळाचा नकाशा घेऊन आधीच गेलेला आहे. याचा अर्थ स्टॅनिसकडे भिंतीवर पत्र पाठवण्याचे साधन दिसत नाही, परंतु विंटरफेलला खोटे वृत्त पाठवण्याचे साधन नेमके त्याच्या हाती पडले आहे. स्टॅनिसने गुलाबी पत्र लिहिले हा तर्क मी येथेच सोडून देतो. ज्या खोट्या बातमीवर गुलाबी पत्र उभे आहे ती बातमी स्टॅनिसने पेरली, हा तर्क मात्र याच पुराव्याने बळकट होतो.

त्याच प्रकरणात स्टॅनिस आपला सरदार जस्टिन मॅसी याला ब्राव्होसला जाऊन भाडोत्री सैनिक आणण्याची आज्ञा देतो आणि बजावतो की आपण मेल्याचे वृत्त कानावर आले, कदाचित ते खरेही असले, तरी हाती घेतलेले काम पुरे करावे आणि आपल्या मुलीला सिंहासनावर बसवावे. जो सेनापती लढाईआधीच स्वतःच्या मृत्यूची बातमी पसरण्याची शक्यता बोलून दाखवतो, त्याच्या मृत्यूच्या बातमीवर मी पहिल्या वाचनात विश्वास ठेवणार नाही. तळाजवळच्या गोठलेल्या तळ्यात मासेमारीसाठी पाडलेली भोकेही लेखकाने अगदी सहज म्हणून दाखवून ठेवलेली आहेत. बोल्टनांच्या बाजूच्या फ्रे घराण्याचे घोडेस्वार त्या बर्फावर आले तर काय होईल, हे मी सांगण्याची गरज नाही. दिवटीच्या आधाराने शत्रूला तळ्यावर ओढून आणण्याचा जो तर्क वाचकांनी रचला आहे, तो मी आजवर वाचलेल्या तर्कांपैकी सर्वांत देखणा आहे. तो खोटा ठरला तर मला खरोखर वाईट वाटेल.

आता मान्स. विंटरफेलच्या पक्षिगृहात कॅसल ब्लॅकला जाणारे पक्षी असतील, हे गृहीत धरू. पण तेथे सोबत मेस्टर असतात आणि आबेल हा सभागृहात गाणारा एक गायक आहे. ज्या रात्री आपली माणसे वधूला घेऊन पळाली त्याच रात्री, किल्ल्यात धरपकड चालू असताना, तो पक्षिगृहात शिरून गुलाबी मेण मिळवतो आणि निवांतपणे एवढे लांबलचक पत्र लिहितो, हे मला कठीण वाटते. अशक्य म्हणत नाही. मुख्य हरकत वेगळीच आहे. मान्स भिंतीवरून निघाला तेव्हा स्टॅनिसची राणी सेलिस आणि मुलगी शिरीन भिंतीच्या पूर्व टोकाच्या ईस्टवॉचला होत्या. त्या कॅसल ब्लॅकला आल्या त्या नंतर. मागणी करणारा जणू त्या जॉनच्या दाराशीच बसल्या आहेत अशा थाटात बोलतो. ही माहिती मान्सकडे असण्यापेक्षा नंतरच्या काळात कोणाकडून तरी काढून घेतलेली असण्याचा संभव अधिक आहे. अर्थात कोणाकडून, हे मला नीट सांगता येत नाही, आणि माझ्या मांडणीतला हा कच्चा दुवा मी स्वतःच दाखवून देतो. थिऑन व जेन यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. स्टॅनिसच्या माणसांपैकी कोणी रॅमझीच्या हाती लागले असेल तर मात्र स्टॅनिसचा पराभव निदान अंशतः खरा मानावा लागेल.

जादूच्या तलवारीचे काय, असे कोणी विचारेल. ती तलवार उजेड देते पण उष्णता देत नाही, हे आंधळ्या मेस्टर एमनने चौथ्या खंडात ओळखले होते. चमकणारी एक तलवार पुरावा म्हणून विंटरफेलमध्ये नेऊन दाखवणे हे ती खरोखर स्टॅनिसच्या मृत हातातून काढून घेण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

---

साशंक

सर्वांची क्षमा मागून एक विरजण घालतो. मेणाचा ‘फराटा’ या एका शब्दावर आपण वर्षानुवर्षे इमले रचत आहोत. मार्टिन यांच्या मनात त्या क्षणी दुसरा शब्द आला नसेल, एवढेच कारण असू शकते. जॉन हा लियाना स्टार्कचा मुलगा आहे, हा त्याच्या जन्माविषयीचा तर्क खरा ठरला म्हणून प्रत्येक तपशील हा दडवलेला संकेत असतो, असे सिद्ध होत नाही. त्या तर्कामागे लियाना, निळे गुलाब, एडर्डचे वचन असे पहिल्या खंडापासून परत परत येणारे धागे होते, आणि येथे एक पान आहे.

मला अधिक सरळ उत्तर दिसते. विंटरफेल आणि मीरीनच्या दोन्ही लढाया मुळात पाचव्या खंडात यायच्या होत्या; खंड फार फुगला म्हणून त्या सहाव्यात ढकलल्या गेल्या. लढाई आधी वाचून मग हे पत्र वाचले असते, तर त्यातले खरे काय आणि खोटे काय हे आपल्याला जॉनच्या आधी कळले असते आणि हा धागा निघालाच नसता. जे रहस्य वाटते आहे त्यातील काही भाग बांधणीच्या कारणाने उरलेला अवकाश असू शकतो.

---

पुनर्वाचक

साशंक यांचा लढायांविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष मी उलट काढतो. लढाई पुढे ढकलल्यावरसुद्धा मार्टिन यांनी पत्र जागच्या जागी ठेवले. त्याला हात लावला नाही, याचा अर्थ वाचकाने जॉनइतकेच अंधारात असावे हे त्यांना चालणार होते, किंबहुना हवे होते. वाइल्डलिंग सरदार टॉरमुंड तेथल्या तेथे म्हणतो की हे सगळे खोटे असू शकेल. शंका लेखकाने स्वतःच पात्राच्या तोंडी घातली आहे, आपण ती बाहेरून आणलेली नाही. जॉन मात्र त्यात सत्य आहे असे धरून चालतो, कारण मान्स, स्त्रिया आणि रीक हे तपशील अचूक आहेत. खोटे पचवायचे असेल तर त्यात चार खऱ्या गोष्टी मिसळाव्या लागतात, आणि येथे तर त्या मिसळणाऱ्यालाही ठाऊक नसताना मिसळल्या गेल्या आहेत, असे मी म्हणतो.

अधोरेखित, आपल्या व्हॅल आणि बाळाच्या मुद्द्याचे उत्तर राहिले होते. व्हॅलला ‘राजकन्या’ म्हणणे हीच मला रॅमझीच्या बाजूची खूण वाटते. वाइल्डलिंगांत राजाच्या मेहुणीला असा कोणताही मान नसतो आणि जॉन हे स्टॅनिसच्या सरदारांना सांगून थकला होता. मान्सने स्वतः लिहिताना हा दक्षिणी शब्द वापरला नसता. पण एखाद्या पकडलेल्या स्त्रीकडून ‘राजाची मेहुणी आणि राजाचा मुलगा भिंतीवर आहेत’ एवढे कळल्यावर रॅमझीने त्यांचे भाषांतर स्वतःच्या शब्दांत केले असते, तर ते असेच झाले असते.

---

अधोरेखित

‘राजकन्या’ या शब्दाबद्दल आपले म्हणणे मान्य. मात्र मान्स रॅमझीचा आव आणून लिहीत असेल तर तो रॅमझीच्या तोंडी शोभणारा शब्दच वापरेल, एवढी शक्यता राखून ठेवते. अर्थात मग ‘काळे कावळे’ मात्र त्याच्याकडून चुकून निसटले, असे मला म्हणावे लागेल, आणि एकाच माणसाला एका ओळीत चतुर आणि दुसऱ्या ओळीत बेसावध ठरवणे सोयीचे आहे हे मलाही दिसते.

---

शिशिरपान

सर्वांचे मनापासून आभार. डोमकावळा यांनी सुचवल्याप्रमाणे थिऑनचे प्रकरण काल रात्री वाचले आणि मग पाचव्या खंडाची प्रस्तावना, मेलिसांड्रेचे प्रकरण व जॉनचे शेवटचे प्रकरण ही तीन लागोपाठ पुन्हा वाचली.

लेखक कोण, याबाबत मी आता रॅमझीकडे झुकलो आहे, आणि ज्या वृत्तावर त्याने विश्वास ठेवला ते स्टॅनिसच्या तळावरून पेरले गेले असावे, हे मला पटते. राणी आणि शिरीन यांचा ठावठिकाणा त्याला कसा कळला, हा डोमकावळा यांनी उघडा ठेवलेला दुवा मलाही जोडता आलेला नाही.

पुन्हा वाचताना दोन गोष्टी जाणवल्या. प्रस्तावनेत व्हॅरामिर मरताना आपल्या लांडग्यात शिरतो, म्हणजे मेल्यानंतरचे दुसरे आयुष्य कसे असते हे लेखकाने पहिल्याच पानांत समजावून ठेवले आहे. मेलिसांड्रेला ज्वाळांत जॉन कधी माणूस, कधी लांडगा, मग पुन्हा माणूस असा दिसतो. आणि जॉनच्या ओठांवरचा शेवटचा शब्द ‘घोस्ट’, म्हणजे त्याच्या लांडग्याचे नाव, हा आहे. म्हणून तो परत येईल याबद्दल मला शंका नाही. मात्र दूरचित्रवाणीवर तो दुसऱ्याच भागात उठून बसला तसा येथे येणार नाही, त्याचा काही काळ लांडग्यात जाईल, असे वाटते. मेल्यावर पुन्हा पुन्हा जिवंत केला गेलेला बेरिक डॉन्डॅरियन दर वेळी परतताना काहीतरी हरवून येत असे, आणि तशाच परत आणलेल्या लेडी स्टोनहार्टचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

दुसरी गोष्ट या पत्राशी थेट निगडित आहे आणि तिच्यावर आपले मत हवे आहे. रॅमझी ज्या वधूची मागणी करतो ती भिंतीवर नाहीच, असे जॉन समजतो, आणि त्या क्षणी ते खरेही आहे. पण थिऑनच्या प्रकरणात स्टॅनिस मॅसीला आज्ञा देतो की जाताना मुलीला भिंतीवर जॉनकडे पोहोचवावे, आणि तिच्या सोबतीला अलिसेन मॉर्मंटला पाठवतो. म्हणजे जेन पूल आर्या स्टार्क म्हणून कॅसल ब्लॅकच्या वाटेवर आहे. ती आर्या नव्हे हे तिच्याकडे एकदा पाहून सांगू शकेल असा जॉनशिवाय दुसरा कोणी माणूस भिंतीवर मला आठवत नाही. मॅसी तेथे पोहोचेल तेव्हा जॉन बर्फात पडलेला असेल, राणीचे सरदार आणि वाइल्डलिंग एकमेकांवर शस्त्रे उपसून उभे असतील, आणि घोस्ट, जो खऱ्या आर्याला ओळखतो, तो कोंडलेला असेल. त्या मुलीचा वास घेतल्यावर तो लांडगा काय करील?